चालण्याची तरतूद कोणत्या खात्यात?

महाराष्ट्रातील एकोणतीसही महानगरपालिकांच्या आयुक्त महोदयांस,



मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या विषयांवर कोणाला जाहीर पत्र लिहायचेच झाले, तर ते आरोग्यमंत्र्यांना लिहावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आणि पत्रलेखकाने साठी ओलांडलेली असल्यास त्याने ते तरुण पिढीला उद्देशून, आपल्या काळी माणसे किती कोस चालत असत याच्या रसभरित वर्णनासह लिहावे, असा एक पोटप्रघातही आहे. हे दोन्ही मार्ग सोडून मी आपणांस तसदी देत आहे, याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. माझी सारी हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली, आणि त्या कामाने अंगी एक खोड जडली, ती अशी, की रक्कम ज्या शीर्षाखाली खर्ची पडलेली दिसते तेथे न थांबता, ती कोणाच्या कृतीमुळे वा अनास्थेमुळे खर्ची पडली याचा माग घेत मागे मागे जायचे. प्रौढांच्या दीर्घकालीन विकारांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात सार्वजनिक आरोग्य या शीर्षाखाली पडतो. त्याचा उगम मात्र, निदान एका मोठ्या हिश्शापुरता, आपल्या पथ विभागाच्या मिसलींत सापडतो, असे माझे म्हणणे आहे, आणि एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

प्रथम आकडे, कारण आकड्यांवाचून माझ्यासारख्याला बोलताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, म्हणजे झपझप चालावे, सायकल चालवावी किंवा त्याच तोलाचे काही करावे. हे किमान माप न गाठणाऱ्या प्रौढांचे भारतातील प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते. ते २०२२ पर्यंत ४९ टक्क्यांवर पोचले, आणि त्यातही पुरुषांत ४२ तर स्त्रियांत ५७ टक्के अशी तफावत आहे, असे याच संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या साडेतेरा कोटींच्या वर मांडलेली आहे. बावीस वर्षांत एखाद्या राष्ट्राचा स्वभाव बदलत नाही; निम्मे प्रौढ त्या अवधीत एकाएकी आळशी झाले, असे म्हणणे म्हणजे हिशेबातील तूट दिसताच कारकुनावर अफरातफरीचा ठपका ठेवून मोकळे होण्यासारखे आहे. बदलली ती कामे, बदलली ती वाहने, आणि बदलले ते घरापासून कामापर्यंतचे रस्ते. यांपैकी पहिल्या दोहोंवर आपला अधिकार फारसा चालत नाही. तिसऱ्यावर चालतो.

हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध शास्त्रीय कसोटीवर प्रथम तपासला गेला तो कोणत्याही व्यायामशाळेत नव्हे, तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांत, ही गोष्ट आपल्या निदर्शनास आणणे मला अगत्याचे वाटते. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या परिवहन सेवेतील सुमारे एकतीस हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक आणि वाहक हे एकाच गाडीवरचे, एकाच सामाजिक थरातले, जवळपास सारख्या मिळकतीचे; भेद एवढाच, की चालकाच्या पाळीचा जवळजवळ नऊ-दशांश वेळ बसून जाई, तर वाहक तिकिटे फाडीत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. वाहकांना हृदयविकार कमी होई, झाला तर उशिरा होई, आणि झाल्यावरही पहिल्याच झटक्यात दगावणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात कमी असे. टपालखात्यात चालत वा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यातील बैठ्या कामाचे कारकून यांच्यातही त्याला तोच भेद आढळला.

हिशेबनीस म्हणून मला यापुढचा भाग अधिक मोहक वाटतो. चालक मुळातच स्थूल असतील, म्हणजे बसून करायचे काम स्थूल माणसांनीच पत्करले असेल, तर या निष्कर्षाचा पायाच ढासळेल, ही शंका मॉरिसच्या मंडळींनी विरोधकांची वाट न पाहता स्वतःच उपस्थित केली. आणि तिच्या निरसनासाठी त्यांनी काय धुंडाळले, तर परिवहन सेवेच्या गणवेशांचे दप्तर! शिंप्यांनी टिपून ठेवलेली विजारींच्या कमरेची मापे पाहता चालक खरोखरच अधिक रुंद निघाले, आणि तेही नोकरीत नव्याने शिरलेल्या तरुण वयापासून. ही गैरसोयीची गोष्ट त्यांनी लपवून न ठेवता १९५६ मध्ये जशीच्या तशी छापली. पुढे कमरेचे माप सारखे असलेल्या चालक-वाहकांची तुलना केली, तरीही वाहकांचे पारडे जडच राहिले. ज्या दुमजली बसशी मुंबईकरांची १९३७ पासूनची ओळख, तिच्या जिन्याने वैद्यकशास्त्राला एवढा मोठा धडा दिला, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. स्वतः मॉरिस नव्व्याण्णव वर्षे जगला. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धांत काढू नये हे खरे. तरी नोंद करून ठेवतो.

त्या वाहकाने व्यायाम असा कधी केलाच नव्हता, हे या संशोधनातील मर्म आहे. तो आपले काम करीत होता. काम होता होता पायांना श्रम घडत होते. आम्हा मराठी मंडळींना हे मर्म चटकन उमगत नाही, याला आमची परंपरा कारण असावी, आणि ती परंपरा मोठी उज्ज्वल आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आले. बडोद्याहून मुजुमदारांच्या संपादकत्वाखाली व्यायामाचा दहा खंडांचा ज्ञानकोश निघाला. आणि नमस्कारांचे हे वेड एवढे फोफावले की १९३३ मध्ये अत्र्यांना ‘साष्टांग नमस्कार’ लिहून त्याची यथेच्छ टर उडवावीशी वाटली. हे सारे ज्यांनी केले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु या वारशामुळे व्यायाम ही पहाटे उठून, निर्धाराने, चारचौघांपेक्षा निराळे होऊन करायची साधना आहे, असा संस्कार आमच्या मनावर बसला, आणि साधना न जमणारे असंख्य जन स्वतःलाच दोषी समजून स्वस्थ बसले. आपल्या कारभाराला हा समज फार सोयीचा पडला. दोष नागरिकाच्या मनोनिग्रहाचा ठरला की पालिकेच्या तिजोरीला तोशीस लागत नाही.

अन्य देशांपेक्षा आपल्या लोकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा का, याचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही हुबेहूब सारखा, २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिनांचे ९.१ टक्के तर याज्ञिकांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, वजनकाट्यावर निर्दोष, आणि आत मात्र स्नायू थोडे व मेद फार, अशी आपली देहप्रकृती असल्याचे याज्ञिकांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात अर्भकांपासून अभ्यासून दाखविले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘मी कुठे जाड आहे?’ या प्रश्नावर आपल्या घरोघर जो निर्धास्तपणा पोसला जातो, त्याला आधार नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर जो प्रयोग केला आणि ज्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याला जोडून वाचावा. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के माणसे तीन वर्षांत मधुमेही झाली. आहार आणि रोजचे अर्धा तास चालणे यांकडे सातत्याने लक्ष पुरविले गेलेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्क्यांवर आले, आणि तेही त्यांचे वजन म्हणण्यासारखे घटलेले नसताना. मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी साधारण तेवढेच साधले. दोन्ही उपाय एकत्र करून अधिक काही हाती लागले नाही.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगता येते. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू हे देहातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक; ते कामाला लागले की रक्तातील साखर आत ओढून घेतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू त्यासाठी इन्सुलिनच्या हुकुमाचीही वाट पाहत नाही. म्हणून जेवणानंतरची छोटीशी फेरीदेखील कामी येते. रक्तदाब, पक्षाघात, आतड्याचा आणि स्तनाचा कर्करोग, खिन्नता यांनाही नियमित हालचालीने आळा बसतो, हे आता वैद्यकात वादातीत आहे. माझ्या मुद्द्याला सर्वांत उपकारक गोष्ट निराळीच आहे: सलग दहा मिनिटांहून कमी झालेली हालचाल हिशेबात धरू नये, असा पूर्वी दंडक असे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तो रद्दबातल केला. आता भाजीसाठी केलेली खेप, बसथांब्यापर्यंतचे अंतर, मुलाला शाळेत पोचवून परतणे, सारे जमेस धरले जाते. (दहा हजार पावलांचे जे प्रस्थ माजले आहे, ते १९६५ च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून निघाले. साठीपुढच्यांना सहा ते आठ हजारांतच बहुतेक लाभ पदरात पडतो, तेव्हा मनगटावरच्या घड्याळाचा तगादा फार मनावर घेऊ नये.) चिल्लर रकमा जमेस धरल्या जाऊ लागल्यामुळे आयुष्यातील चालण्याचा मोठा भाग उद्यानातून उठून रस्त्यावर आला, आणि रस्ता आपला आहे.

आता तो रस्ता. मी राहतो त्या शहराचे नाव मी मुद्दाम घेत नाही. उरलेल्या अठ्ठावीस शहरांतील वाचकांना ते आपलेच वाटेल. आमच्या पालिकेच्या रुग्णालयात मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरीण बाई मोठ्या तळमळीच्या आहेत. प्रत्येकाच्या केसपेपरवर औषधांच्या खाली त्या स्वहस्ते ‘रोज ३० मि. चालणे’ असे लिहून त्याखाली रेघ ओढतात. तो केसपेपर घेऊन रुग्ण फाटकाबाहेर येतो, तेव्हा त्याच्यासमोर जो पदपथ असतो त्याची उंची एवढी, की गुडघेदुखीच्या बाईने शेजारच्या माणसाच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय वर चढू नये. वर चढून दहाबारा पावले जावे तो विजेचा डीपी. त्याला वळसा घालायचा तर पुन्हा खाली. पुढे औषधाच्या दुकानासमोर दुचाकी चढविण्यासाठी ओतलेला सिमेंटचा उतार, त्यावर तिरप्या लावलेल्या मोटारसायकली. त्यापलीकडे जलवाहिनीसाठी उकरलेले आणि मग जमेल तसे पुन्हा बसविलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांतला नेमका कोणता पायाखाली डुगडुगेल हे पावसाळ्यात अंगावर चिखल उडाल्यावरच समजते. मग सारेच रस्त्याच्या कडेने चालू लागतात, पाठीमागून येणाऱ्या वाहनाच्या भोंग्याकडे कान लावून; आणि पुढच्या खेपेस, पायी पंधरा मिनिटांचे अंतर असूनही, रिक्षा करून येतात. डॉक्टरीण बाई विचारतात, चालता ना? रुग्ण मान खाली घालतो. त्याने मान खाली का घालावी, हे मला समजत नाही.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नसावी आणि निवासी भागातसुद्धा चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे स्पष्ट नमूद आहे. आपल्या अभियंत्यांना ती मार्गदर्शिका मुखोद्गत असेल. निविदेत तिचा उल्लेखही असतो, आणि मक्तेदाराचे देयक मंजूर होताना काम मापाप्रमाणे झाल्याचा दाखला जोडलेला असतो, हे मी अनुभवाने सांगतो. त्या दाखल्यावर सही करणाऱ्याने तो पदपथ आपल्या वृद्ध मातोश्रींना एकदा चालून दाखविण्यास सांगावे, अशी अट घालता आली असती तर लेखापरीक्षणाचा पुष्कळ खर्च वाचला असता.

स्त्रियांचे सत्तावन्न टक्के मी विसरलेलो नाही. पहाटे साडेपाचला साडीवर बूट चढवून, चौघीचौघींच्या जथ्याने, रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्या प्रौढ स्त्रिया आपण प्रत्येक शहरात पाहिल्या असतील. मधोमध यासाठी, की कडेला दिवा नसतो आणि कुत्री असतात; जथ्याने यासाठी, की एकटीने चालणे अद्याप निर्वेध झालेले नाही. ज्या घरून निघू शकत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न घरातल्यांनाही विचारायला हवा, सगळाच भार आपल्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण पदपथावर उजेड पाडणे हे तरी सासूच्या किंवा नवऱ्याच्या अखत्यारीत येत नाही. तसेच, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला किंवा दिवसभर विटा वाहणाऱ्या मजुराला कोणी हे पत्र दाखवून व्यायामाचा उपदेश करील, तर तो निर्लज्जपणा होईल, हेही येथेच लिहून ठेवतो. त्यांना हवी ती विश्रांती आणि मजुरी.

आपल्याकडून येणारी उत्तरे मला अंदाजाने ठाऊक आहेत. उद्यानांत चालण्याचे मार्ग केले आहेत, खुल्या व्यायामशाळा बसविल्या आहेत. बसविल्या आहेत खऱ्या. त्यांवर लोकप्रतिनिधींच्या नावाची पाटी व्यायामाच्या साधनापेक्षा अधिक काळ टिकते, आणि भर दुपारी उद्यानाला कुलूप असते. शिवाय उद्यानात जायला वेगळा वेळ काढावा लागतो, जो वेळ ज्याला काढता येतो त्याला आपल्या मदतीची गरज सर्वांत कमी. फेरीवाल्यांनी पदपथ अडविले आहेत, हे दुसरे उत्तर. फेरीवाल्यांना जागा नेमून देण्यासाठी २०१४ चा कायदा आहे, तो अमलात आणावा. परंतु केळीच्या हातगाडीला वळसा घालून जाता येते, ओळीने उभ्या केलेल्या मोटारींना येत नाही, आणि अतिक्रमण विभागाची गाडी हातगाडीच का उचलते, मोटार का उचलत नाही, याचे कारण सांगायला लेखापरीक्षक लागत नाही. तिसरे उत्तर निधीचे. उड्डाणपुलासाठी जो निधी सापडतो, त्याच तिजोरीत पदपथासाठी तो नसतो, हे मी पुष्कळदा वाचले आहे, परंतु कोणत्याही ताळेबंदात मला ते सिद्ध झालेले आढळले नाही.

कायद्याचे म्हणाल, तर मुंबई सोडून इतर पालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात सार्वजनिक रस्त्यांची बांधणी, देखभाल व सुधारणा ही कलम ६३ खालील बंधनकारक कर्तव्यांत मोडते, ऐच्छिक कर्तव्यांत नव्हे. आणि पादचाऱ्यांना वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे. न्यायमूर्तींच्या मनात त्या वेळी मुख्यतः अपघात होते. मी त्यात हळूहळू होणारे मृत्यूही धरतो.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक महानगरपालिका रुग्णालयाच्या फाटकापासून चहूदिशांना अर्धा-अर्धा किलोमीटर पदपथ मार्गदर्शिकेच्या मापाने, उजेडासह आणि अडथळ्याविना, येत्या आर्थिक वर्षात करून द्यावा. रस्तेबांधणीच्या प्रत्येक प्रस्तावावर जसा नगररचना आणि लेखा विभागाचा शेरा लागतो, तसा यापुढे आरोग्य अधिकाऱ्याचाही शेरा घ्यावा, आणि त्यात एकाच प्रश्नाचे उत्तर असावे: या रस्त्याने साठ वर्षांचा मधुमेही माणूस एकटा चालू शकेल काय? सिग्नलवर रस्ता ओलांडण्याची मुदत तरुण वाहतूक पोलिसाच्या चालीवरून नव्हे, तर त्या माणसाच्या चालीवरून ठरवावी. आणि आपल्या मुख्य इमारतीतला जिना, जो उद्‌वाहनामागे दडलेला असून ज्याच्या खाली केरसुण्या, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या मिसलींचे गठ्ठे रचलेले असतात, तो तेवढा मोकळा करवून घ्यावा; त्याला ना निविदा लागते ना सर्वसाधारण सभेची मंजुरी.

यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या लेखाशीर्षाखाली बसवावी, अशी अडचण आल्यास कळवावे. निवृत्त असलो तरी तेवढी मखलाशी मला अजून जमते.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक करदाता पादचारी